चार स्क्रू आणि एक ‘द’

सात-आठ वर्षांपूर्वी एका यंत्राची वापरपुस्तिका मराठीतून इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं. यंत्र साधंच होतं, हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा आणि त्यावर पत्र्याचं झाकण. मूळ वाक्य होतं, “स्क्रू सैल करून झाकण काढावे.” मी लिहिलं, “लूजन द स्क्रू अँड रिमूव्ह द कव्हर.” पुस्तिका छापून गेली. महिन्याभराने कंपनीकडून एका ओळीचा मेल आला, “विच स्क्रू? देअर आर फोर.”

कुणीतरी एकच स्क्रू सैल केला होता आणि झाकण ओढलं होतं. पत्रा वाकला.

मूळ वाक्य पुन्हा वाचून बघा. “स्क्रू सैल करून” यात स्क्रू एक आहे की चार, हे कुठेही लिहिलेलं नाही. ‘स्क्रू’चं अनेकवचनही ‘स्क्रू’च, आणि ‘करून’ला वचन नसतं. मराठी वाचणारा यंत्राकडे बघतो, चार दिसले की चार सैल करतो. इंग्रजीत मात्र मला काहीतरी ठरवावंच लागलं, आणि मी न बघता ठरवलं. एकवचनापुढे ‘द’ लावला की अर्थ होतो, ‘जो एकुलता एक आहे तो’. ‘अ स्क्रू’ म्हटलं असतं तर ‘चारांपैकी कुठलाही एक’ झालं असतं, म्हणजे तेही चूकच. माझी चूक व्याकरणाची नव्हतीच. वाक्य अगदी शुद्ध होतं. फक्त खोटं होतं.

त्या मेलमधला ‘विच’ मी तेव्हापासून जपून ठेवलाय. अलीकडे भाचीने फोनवर विचारलं, “मावशी, ‘द’ कुठे घालायचा याचा एकच नियम सांग, दहा नको,” तेव्हा मी तिला तोच दिला. नामाआधी थांब आणि ऐकणारा “कोणता?” असं विचारेल का ते बघ. विचारणारच नाही, कारण त्याला माहीत आहे, तर ‘द’. विचारेल, आणि तुझं उत्तर “असाच एक” असेल, तर ‘अ’. आणि प्रश्नच गैरलागू असेल, म्हणजे पाणी, प्रामाणिकपणा, आयुष्य अशा गोष्टींबद्दल तू सरसकट बोलत असशील, तर काहीच नको. ‘लाइफ इज शॉर्ट’. पण ‘द लाइफ ऑफ अ सोल्जर’, कारण आता “कोणतं आयुष्य?” याचं उत्तर मागच्या ‘ऑफ’ने दिलंय.

ती म्हणाली, “पण शाळेत तर सांगितलं होतं, पहिल्यांदा आला की अ, दुसऱ्यांदा आला की द.”

हो, मलाही तेच सांगितलं होतं. नियम वाईट नाही, अर्धा आहे. ‘आय बॉट अ पेन. द पेन लीक्स.’ इथवर ठीक. पण ‘आय एन्टर्ड अ हाउस. द डोअर वॉज ओपन.’ इथे दार पहिल्यांदाच आलंय, तरी ‘द’. कारण घर म्हटलं की दार आलंच, ऐकणारा “कोणतं दार?” विचारत नाही. आपल्या गोष्टींमध्येही हीच चाल असते. एक राजा होता, मग ‘त्या राजाला’ दोन मुलं होती. पहिला ‘एक’ म्हणजे ‘अ’, आणि ‘त्या’ म्हणजे ‘द’. ही नुसती तुलना नाही. इंग्रजीची उपपदं खरोखर अशीच जन्मली. जुन्या इंग्रजीत ‘आन’ म्हणजे ‘एक’, तोच झिजून ‘ॲन’ झाला, आणि व्यंजनापुढे त्याचा ‘न’ही गळून ‘अ’ उरला. ‘द’ हा मुळात ‘तो, ती, ते’ दाखवणारा शब्द होता. म्हणजे स्वरापुढे ‘अ’चा ‘ॲन’ होतो असं आपण शिकतो, ते इतिहासात उलटं आहे. ‘ॲन’च मूळ आहे, ‘अ’ हा त्याचा थकलेला अवतार.

आणि हा ‘न’ इतका भटका, की कधी शेजारच्या शब्दात जाऊन बसला, कधी तिथून पळाला. ‘अ नॅप्रन’चं ‘ॲन एप्रन’ झालं. ‘ॲन इकनेम’, म्हणजे ‘जोडनाव’, त्याचं ‘अ निकनेम’ झालं. ज्यांनी हे केलं त्यांना इंग्रजी येत होतंच की. तेव्हा कुणी ‘अ अवर’ लिहिलं म्हणून फार हसू नये. (तरी दुरुस्त करावं. ‘अवर’मधला एच लिहितात, उच्चारत नाहीत. म्हणून ‘ॲन अवर’. आणि ‘युनिव्हर्सिटी’ची सुरुवात कानाला ‘य’ने होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. अक्षर बघायचं नाही, ऐकायचं.)

आता मला जे खरं सांगायचंय ते. “मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्याला ते जमत नाही,” हे वाक्य मी वर्गात ऐकलं, पुस्तकात वाचलं, स्वतःही कित्येकदा म्हटलं. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यावर माझा विश्वास उडाला तो एका अगदी फालतू वाक्यामुळे.

“टेबलावर पुस्तक आहे.”
“पुस्तक टेबलावर आहे.”

दोन्हींत तेच तीन शब्द, प्रत्ययही तेच. पण पहिलं वाक्य कुणी कधी म्हणेल? टेबलावर काय आहे असं विचारलं तर. आणि दुसरं? पुस्तक कुठे आहे असं विचारलं तर. पहिल्यातलं पुस्तक नवीन आहे, दुसऱ्यातलं आपल्या दोघांना माहीत असलेलं. इंग्रजीत पहिलं ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’, दुसरं ‘द बुक इज ऑन द टेबल’. म्हणजे इंग्रजी जे काम ‘अ’ आणि ‘द’ला देते, ते आपण शब्दांच्या जागेकडून करून घेतो. तिसरीतलं पोरसुद्धा यात चुकत नाही. पुस्तक हरवलंय असं म्हणणाऱ्याला कुणी मराठी माणूस “टेबलावर पुस्तक आहे” असं सांगत नाही.

मग मी शोधतच सुटले. दुसरी जागा सापडली ती ‘ला’मध्ये. “मी सुतार शोधतेय” आणि “मी सुताराला शोधतेय.” पहिल्यात मला कुठलाही चालेल, कपाट दुरुस्त करणारा असला म्हणजे झालं. दुसऱ्यात एक ठरावीक माणूस काम अर्धं टाकून गायब झालाय. ‘अ कार्पेंटर’ आणि ‘द कार्पेंटर’ यांतला फरक मराठीने एका प्रत्ययात बसवलाय. निर्जीव वस्तूंना आपण हा ‘ला’ सहसा लावत नाही, त्यामुळे ही सोय सगळीकडे नाही. पण आहे.

भाचीला हे सांगितल्यावर ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, “म्हणजे मला हे येत होतं?” येत होतं. फक्त इंग्रजी लिहिताना ती मराठीतलं आपलंच वाक्य ऐकत नव्हती, त्यातले शब्द एकेक करून उचलत होती. शब्द उचलले की त्यांची जागा मागेच राहते, आणि ‘द’ तर त्या जागेतच होता.

मी स्वतः आता असं करते. इंग्रजी वाक्य अडलं की तेच मराठीत मोठ्याने म्हणून बघते, आणि कानाला कुठला क्रम बरा वाटतो ते ऐकते. दर वेळी उत्तर मिळतं असं नाही. ‘द नेदरलँड्स’ला ‘द’ का आणि ‘फ्रान्स’ला का नाही, हे मराठी सांगणार नाही. ते पाठच करायचं. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ही तसंच. ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मला मित्र फारसे नाहीत, ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत थोडेफार. एका अक्षराने माणूस एकटा पडतो.

एका अक्षराची यापेक्षा मोठी गोष्ट चंद्रावर झाली. जुलै १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले तेव्हाचं ते वाक्य पृथ्वीवर ऐकू आलं ते असं, ‘वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड’. आता उपपदाशिवाय ‘मॅन’ म्हणजे मानवजात, आणि ‘मॅनकाइंड’ म्हणजेही मानवजात. म्हणजे मानवजातीचं छोटं पाऊल हीच मानवजातीची मोठी झेप! त्यांचं म्हणणं होतं की त्यांना ‘फॉर अ मॅन’, एका माणसाचं पाऊल, असं म्हणायचं होतं. तो ‘अ’ आवाजात विरला, की घाईत गिळला गेला, यावर अजून वाद चालतो. मराठीत ‘माणसाचं छोटं पाऊल’ म्हटलं तरी नेमका हाच घोटाळा उरतो, म्हणून आपल्यालाही तिथे ‘एका’ घालावा लागतो.

दुसरं उदाहरण हसण्यासारखं नाही. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. इस्रायलने युद्धात घेतलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात शब्द आहेत ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड’. ‘द टेरिटरीज’ नाही. मग सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून? फ्रेंच मसुद्यात मात्र ‘दे तेरितुआर’ आहे, आणि ते ‘त्या प्रदेशांतून’ असं वाचता येतं. या न लिहिलेल्या ‘द’वर मुत्सद्दी आणि कायदेपंडित अजून भांडतात. माझा पत्रा वाकला त्याचं दुःख या प्रकरणापुढे फारच किरकोळ आहे.

युक्रेनचं तर दुहेरी. इंग्रजीत पूर्वी ‘द युक्रेन’ म्हणत, जणू कुठल्यातरी मोठ्या देशाचा तो एक भाग. १९९१मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर तो ‘द’ हळूहळू गळाला. रशियन भाषेत उपपदं नाहीतच, तिथे हेच भांडण शब्दयोगी अव्ययावर झालं. युक्रेन‘मध्ये’ म्हणताना ‘ना’ म्हणायचं, म्हणजे ‘वर’, की ‘व’, म्हणजे ‘आत’? देशांना सहसा ‘व’ लागतो. त्यामुळे युक्रेनला तोच हवा होता.

इथे मी दुसऱ्या पंगतीतल्या, म्हणजे ‘इन’, ‘ऑन’सारख्या, शब्दांकडे आलेच आहे. १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून तिथल्या ब्राउन विद्यापीठात दहा लाख शब्दांचा एक संग्रह केला गेला. त्यातले सर्वाधिक वापरलेले सहा शब्द असे: द, ऑफ, अँड, टू, अ, इन. एकट्या ‘द’ची संख्या सत्तर हजारांच्या घरात. सहांपैकी दोन उपपदं, आणि तीन असे की जे शब्दयोगी म्हणून येतात (‘टू’ची इतर कामंही असतात म्हणा). शाळेत आपण अवघड शब्दांची यादी करत बसतो, आणि चुका या अडीच अक्षरी शब्दांत करतो.

‘प्रिपोझिशन’ हे नाव लॅटिनमधलं, अर्थ ‘आधी ठेवलेलं’. आपलं सगळं नंतर ठेवलेलं असतं. टेबलावर, टेबलाखाली, टेबलापासून. अडचण नुसत्या क्रमाची असती तर दोन दिवसांत सवय झाली असती. अडचण ही की आपला ‘वर’ आणि त्यांचा ‘ऑन’ यांच्या हद्दी वेगळ्या आहेत. पक्षी आपल्याकडे झाडावर बसतो, इंग्रजीत ‘इन द ट्री’, फांद्यांच्या आत. अंगठी आपण बोटात घालतो, ते ‘ऑन द फिंगर’ घालतात. आणि इथे न्याय करायचाच तर आपलं काही खरं नाही. बोट अंगठीत जातं, अंगठी बोटात कशी जाईल? पाय बुटात जातो, तरी आपण म्हणतो पायात बूट घातले. डोक्यावर टोपी मात्र बरोबर ‘वर’. यामागे तर्क शोधू नये. घट्ट बसतं ते ‘त’ असं म्हणावं, तर गळ्यातली माळ कुठे घट्ट असते?

पाच वाजता ‘ॲट’, सोमवारी ‘ऑन’, जुलैमध्ये ‘इन’. बिंदू, पृष्ठभाग, डबा असं याचं एक चित्र शिकवतात, आणि ते निम्म्या वाटेपर्यंत चांगलं नेतं. मग ‘इन द मॉर्निंग’ आणि ‘ॲट नाइट’ समोर येतात आणि चित्र भिंतीवरून पडतं. पुढे पाठांतर.

आपल्या हमखास चुका मात्र पाठांतराच्या अभावी होत नाहीत, त्या मराठी प्रत्ययांतून येतात. ‘मला सांगितलं’ यातल्या ‘ला’मुळे ‘टोल्ड टू मी’. ‘त्याविषयी चर्चा केली’ यातल्या ‘विषयी’मुळे ‘डिस्कस्ड अबाउट’. मी स्वतः कित्येक वर्षं ‘रिक्वेस्टेड फॉर’ लिहीत होते, अर्जांत, पत्रांत, सगळीकडे. कळलं तेव्हा जुने अर्ज आठवून कान गरम झाले. यात एक गंमत आहे. ‘डिस्कशन अबाउट’ चालतं, ‘अ रिक्वेस्ट फॉर’ही चालतं. नाम असलं तर अव्यय लागतं, तेच क्रियापद झालं की ते थेट कर्मावर जाऊन बसतं. हे लक्षात आल्यावर माझ्या निम्म्या चुका एका आठवड्यात गेल्या.

पण या सगळ्यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे मराठीचा ‘चा-ची-चं’. ‘वुई डिस्कस्ड द ॲक्सिडेंट इन द ऑफिस.’ हे वाक्य मध्यंतरी एका अहवालात आलं. अपघात ऑफिसात झाला, की बोलणं ऑफिसात झालं? इंग्रजी सांगत नाही. ‘इन द ऑफिस’ हा तुकडा शेवटी लोंबकळतोय, तो नामाचा की क्रियापदाचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं. मराठीत मला पळवाट नाही. “ऑफिसातल्या अपघाताबद्दल आम्ही बोललो” किंवा “अपघाताबद्दल आम्ही ऑफिसात बोललो.” तुकडा नामाला जोडायचा तर ‘तल्या’ किंवा ‘चा’ लावावाच लागतो, क्रियापदाचा असेल तर नुसता ‘त’. टेबलावर पुस्तक ठेव, टेबलावरचं पुस्तक आण. हा ‘चं’ म्हणजे पाटीच, मी कुणाचा ते सांगणारी. अहवालवाल्यांना मी विचारलं, तर ते म्हणाले, “त्याने काय फरक पडतो?” अपघात कुठे झाला याने फरक पडत नाही म्हणणाऱ्यांना काय सांगणार! दोन दिवसांनी उत्तर आलं. अपघात रस्त्यावरचा होता.

इंग्रजीत असे तुकडे एकामागे एक लावत नेता येतात. ‘द लेटर ऑन द टेबल इन द रूम ॲट द एंड ऑफ द कॉरिडॉर.’ मराठीत हेच शेवटाकडून उलटं येतं: कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतल्या टेबलावरचं पत्र. इंग्रजी पत्र हातात देते आणि मग ते कुठून आणलं ते सांगत मागे मागे जाते. मराठी तुम्हाला कॉरिडॉरमधून चालवत नेते, खोलीत शिरवते, टेबलापाशी उभं करते, आणि मग पत्र दाखवते. लांब वाक्य इंग्रजीत करताना मी नेहमी आधी ते ‘पत्र’ शोधते. ते सापडलं की बाकीचे तुकडे आपोआप रांगेत उभे राहतात. आणि प्रत्येकापुढे ‘द’ का, तेही कळतं. कोणतं टेबल? त्या खोलीतलं. कोणती खोली? त्या टोकाची. प्रत्येक ‘कोणता’ला मागचा तुकडा उत्तर देतो.

त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ‘लूजन ऑल फोर स्क्रूज’ असं लिहिलं. ‘अ’ नाही, ‘द’ नाही, थेट आकडा.

काल संध्याकाळी भाचीचा मेसेज आला, सरावासाठी इंग्रजीत. ‘आय ॲम इन द बस, विल कॉल लेटर.’ मला राहवलं नाही. मी लिहिलं, ‘ऑन द बस.’ गाडीत आत बसतो म्हणून ‘इन द कार’, पण ज्यात उभं राहून चालता येतं, त्या बस, ट्रेन, विमान, जहाजाला ‘ऑन’, असं सविस्तर समजावलं.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. “मावशी, टपावर बसू?”